वहिनीचा एकटीचा फोटो

वहिनीचा एकटीचा म्हणावा असा या जगात एकच फोटो आहे, आणि तो माझ्याकडे आहे. फोटो म्हणजे निगेटिव्ह. कोणाला दाखवणार नाही, असं मी तिला कबूल केलं होतं. ती जाऊन आता वर्ष होत आलं आणि तिच्या लेकीला आईचा एक धड फोटो हवाय. एवढीच गोष्ट आहे खरं तर. पण मला थोडक्यात सांगता येत नाही. स्टुडिओच्या काउंटरवर आयुष्य गेलं, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जीभ सैल झाली. आता गिऱ्हाईक नाही आणि घरातही दुसरं कोणी नाही, म्हणून कागदाशी बोलते.

वहिनी माझी नात्यातली कोणी नव्हे. लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारची खोली तिची. ती वहिनी कोणाची, असं विचाराल तर सगळ्या मजल्याची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, पण मी तिला अगं-तुगंच करायची. तिचा नवरा आणि माझे बाबा एकाच मिलमध्ये. दोघंही गेले, मिलही गेली. तिला एक लेक, लग्न होऊन माटुंग्याला गेलेली. मी लग्नच केलं नाही. तेव्हा दोन खोल्यांत दोन बायका आणि मध्ये एक भिंत, असा आमचा संसार.

मला फोटोग्राफी कोणी शिकवली नाही. गिरगावातल्या एका स्टुडिओत मी पाकिटांवर नावं लिहायला लागले आणि तिथेच केस पांढरे झाले. कॅमेऱ्याला हात लावायचं काम पुरुषांचं. माझं काम फोटो पाकिटात घालायचं. पण घालताना बघायची ना मी. दिवसाला शंभर चेहरे बघितले की कुठला फोटो जिवंत आणि कुठला नुसता साफ आलाय, ते आपोआप कळायला लागतं.

त्याच्याही आधी बघायला शिकवलं ते बाबांनी. बाबा फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड उजेडासमोर धरायचं आणि त्यातला तुटका धागा, डाग, विरळ वीण शोधायची, हे त्यांचं काम. घरी आले तरी सवय जात नसे. दोरीवर चादर वाळत घातली की आधी तिच्यातून उजेड बघणार. मला म्हणायचे, "कापडावरून नजर फिरवू नकोस, कापडातून बघ." पहिल्यांदा निगेटिव्ह हातात धरली तेव्हा मी ती आपोआप खिडकीकडे धरली. स्टुडिओतले रिटचिंगवाले काका म्हणाले, "हे कुठे शिकलीस गं?" मी म्हटलं, "मिलमध्ये."

हे काका बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करायचे. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं हलकेच बुजवून टाकायचे. मला ते आवडायचं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, त्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या तुम्ही पुसल्या, ती आता ती राहिलीच नाही." ते मान वर न करता म्हणाले, "आठ्या तिच्या, फोटो तिचा. तिला नकोत. तुझं काय जातंय?" त्या वेळी मला हा माणूस भित्रा वाटला होता.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी कपाटातला एक जुना कॅमेरा माझ्या हातात दिला. "घेऊन जा, नाहीतर भंगारात जायचा." दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून आत बघायचा. एका रोलवर बारा फोटो. त्यात बघायचं तर मान खाली घालावी लागते. समोरच्याला वाटतं, बाई डब्यातले तांदूळ निवडतेय. आतल्या काचेवर चित्र दिसतं ते उलटं, म्हणजे डावीकडचं उजवीकडे. माणूस डावीकडे गेला की आपण उजवीकडे वळतो आणि तो हातातून निसटतो. मला सवय व्हायला वर्ष गेलं. पण मान खाली असण्याचा फायदा मला फार लवकर कळला. आपण बघतोय हे कोणाला कळतच नाही.

रोल मी घरीच धुवायची. मोरीला पडदा, काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात घालून चाचपत रोल डब्यात भरायचा, मग औषध, मग चित्र पक्कं करणारा हायपो, आणि मग पाणी. भरपूर पाणी. नाहीतर दोन वर्षांत निगेटिव्ह पिवळी पडते. चाळीत पाणी यायचं पहाटे तासभर. माझी दोन पिंपं फोटोंनाच संपायची. मग वहिनी भिंतीवर थाप मारायची. "गो बाय, उठ, पाणी इला." आणि वर आपल्या वाटची एक कळशी माझ्या मोरीत ओतून जायची. "तुझे फोटो माणसांपेक्षा जास्ती पाणी पितत," म्हणायची. धुतलेली रोलची पट्टी मी तिच्याच दोरीवर चिमटे लावून सुकवायची, कारण तिच्या बाजूला धूळ कमी. तिचे परकर आणि माझे बारा फोटो शेजारी शेजारी.

पण स्वतःचा फोटो ती काढू देत नसे. एकटीचा तर नाहीच. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांचं ते ठरलेलंच असतं, एकटीचा फोटो काढला की तो हाराला लागतो. लग्नाच्या फोटोत चौघींमध्ये उभ्या राहतील, नातवाला मांडीवर घेऊन बसतील, पण एकटीचा नको. वहिनीचं त्याहून एक जास्त होतं. कोणी मोबाइल पुढे केला की पदर तोंडावर जायचा. दात काळे होते तिचे. मिश्रीने.

मिश्रीची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडच्या पुष्कळ बायका लावायच्या, तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून पूड करायची आणि दातांना घासत बसायचं. दात घासणं हे निमित्त. खरं म्हणजे दिवसातली तेवढी वीस मिनिटं कोणी हाक मारली तरी 'तोंडात मिश्री आहे' म्हणून ओ द्यायची नाही, हे सुख. पुढे दातांच्या डॉक्टरला वहिनीच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. लेक घाबरली, रडली. आईचा हात उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, तेव्हा मिश्री सुटली. सात महिने सुटली. मग परत लागली, गुपचूप, दुपारी, लेक कामावर असते, अचानक यायची नाही अशा वेळी. हे फक्त मला ठाऊक.

चाळ पाडायला द्यायच्या आदल्या वर्षीची एक दुपार. माझ्या रोलवर शेवटचा, बारावा फोटो उरला होता. तो संपल्याशिवाय रोल धुता येत नाही, म्हणून मी कॅमेरा मांडीवर घेऊन दारात बसले होते. गॅलरीत खांबाला पाठ टेकून वहिनी बसलेली. डाव्या तळव्यावर मिश्री, उजव्या हाताचं बोट तोंडात, आणि नजर खालच्या चौकाकडे. कशाकडे बघत होती असं नाही. चौकातल्या उन्हाचा उजेड खालून वर तिच्या हनुवटीवर येत होता. मी मान खाली घातली. काचेवर ती होती, उलटी, चौकोनात बरोबर बसलेली. एक टिक. तिने ऐकलंही नाही.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पदर वर आला असता. त्या वेळी मला यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. चोरून काढलेलं तेवढंच खरं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

दोन दिवसांनी भर दुपारी खिडकीला काळं कापड लावलं, दाराच्या फटीत चादर कोंबली आणि लाल बल्बखाली प्रिंट काढायला घेतली. ताटलीतल्या औषधात कागद पांढरा असतो, मग हळूहळू काहीतरी करडं उमटतं. आधी केस आले, मग खांबाची कड, मग डोळे. इतक्या वर्षांत शंभर-शंभर चेहरे पाकिटात भरले होते, पण असा एकही नव्हता. ही बाई कोणाची आई नव्हती, कोणाची वहिनी नव्हती. कोणासाठी चेहरा लावून बसलेली नव्हती. माझ्या हातून यापेक्षा चांगला फोटो झालेला नाही, आता होणारही नाही.

ओली प्रिंटच घेऊन मी तिच्याकडे गेले. वाटलं, खूश होईल. तिने चष्मा लावला. प्रिंट दाराच्या उजेडाकडे धरली.

"ह्या कधी काढलंस?"

"परवा. बघ ना, उजेड बघ."

"उजेड मरो. माका इचारलंस?"

तिने प्रिंटचे चार तुकडे केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि वर गाळणीतला चहाचा चोथा उलटा केला, कोणी उचलून बघू नये म्हणून. मग म्हणाली, "त्याचा काळा काय ता असता, ता खय आसा?"

"निगेटिव्ह? माझ्याकडे."

"चेडवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलंय मी. ह्यो फोटो तिने बघितलो तर ती काय समाजतली? आयशीक माझ्यापेक्षा मिश्री मोठी?"

चार दिवस बोलली नाही. चार पहाटे भिंतीवर थाप नाही. पाणी येऊन गेलं, मला कळलंही नाही. पाचव्या दिवशी थाप पडली. मी दार उघडलं तर कळशी घेऊन उभी.

"कोणाक दाखवू नको. मी गेलंय तरी नको."

"नाही दाखवणार."

"आणि मिश्रीचा सांगू नको."

"नाही सांगणार."

निगेटिव्ह जाळून टाक, असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या लक्षात आलं नसेल किंवा मुद्दाम सोडलं असेल. मुद्दाम सोडलं असंच मी धरून चालले, ते मला सोयीचं होतं म्हणून.

त्यानंतर मी विचारून फोटो काढायला लागले. खोटं कशाला बोलू, फोटो बिघडले. परळच्या मार्केटात भाजीवाल्या मावशी विचारलं की सरळ होतात, हात मांडीवर घेतात, टपाल तिकिटावर छापायचंय असं तोंड करतात. मग मी थांबायला शिकले. विचारायचं, हो म्हणाल्या की कॅमेरा खाली ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. कधी त्या विसरायच्या, कधी मीच विसरायची. वर्षभरात बारा फोटो, म्हणजे एक रोल. त्यातले दोन बरे. रिटचिंगवाल्या काकांची मला तेव्हा पुष्कळ आठवण यायची. ते भित्रे नव्हते. त्यांना रोज त्या चेहऱ्याच्या मालकाशी समोरासमोर बोलावं लागत होतं, एवढंच.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आम्ही परत आलो. मी चौदाव्या मजल्यावर, वहिनी नवव्या. सोडतीत आलं तसं. आता पाणी चोवीस तास, आणि बाथरूमला खिडकीच नाही. रोल धुवायला याहून चांगली जागा मिळायची नाही. काढायला मात्र माणूस दिसत नाही. दारं बंद असतात. लिफ्टमध्ये लोक आकड्यांकडे बघतात. वहिनी आणि मी रोज चारला फोन करायचो. "काय करतंस?" "काही नाही, तू?" "मी पण काय नाय." कधी ती वर यायची, कधी मी खाली. मिश्री चालू होती. मी डबी बघून न बघितल्यासारखं करायची.

एका दुपारी चारला फोन उचलला नाही. झोपेतच गेली होती. तोंडाचं काही नव्हतं, हृदयाचं निघालं. हे मी तेव्हा डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं होतं. का, ते समजून घ्या. मिश्रीचं मी लेकीपासून लपवलं होतं ना.

चौथ्या दिवशी लेक वर आली. "मावशी, आईचा एक फोटो दे ना. तुझ्याकडे असणारच. माझ्या मोबाइलमध्ये सगळे तोंडावर पदर घेतलेले. आधार कार्डावरचा तर बघवत नाही."

"नाही गं," मी म्हटलं. "मला काढूच द्यायची नाही ती."

निगेटिव्हचं कपाट तिच्या मागेच होतं.

तेराव्याला गेले तर खुर्चीवर फोटो मांडलेला. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून वहिनीला कापून मोठं केलेलं. शेजारणीचा हात तिच्या खांद्यावर होता, तो दुकानदाराने कॉम्प्युटरवर पुसला आणि तिथे कोणाचा तरी खांदा आणून बसवला. रंग गोरा केला. दात पांढरे केले. अंगावर कधी न नेसलेल्या पैठणीचे काठ, मागे निळं आभाळ आणि ढग. लोक हात जोडून म्हणत होते, "छान आलाय हो फोटो." मी हात जोडले. कोणाला जोडले कोण जाणे, ती बाई माझ्या ओळखीची नव्हती.

घरी येऊन मी निगेटिव्ह काढली, खिडकीशी धरली. मग दुसऱ्या दिवशी प्रिंट काढली, एकच. मग पुढच्या आठवड्यात अजून एक, थोडी गडद. असं करत सहा-सात झाल्या. जेवायला बसले की समोर ठेवायची. चारला फोनची वेळ झाली की त्या फोटोकडे बघत बसायची. आणि मग एक दिवस मनात आलं की आपण शब्द पाळतोय म्हणून आपल्याला एवढं बरं वाटतंय, पण पाळून मिळालं कोणाला? खरी वहिनी मला मिळाली. लेकीला ढगातली. मी विश्वासू होते की हावरट, हे माझं मलाच सांगता येईना. अजूनही येत नाही.

मागच्या रविवारी लेक आईची जागा भाड्याने द्यायची म्हणून आवरायला आली होती. दमून माझ्याकडे चहाला आली. मी प्रिंट आधीच उचलून उशीखाली सरकवल्या होत्या. कप हातात घेऊन ती म्हणाली, "मावशी, एक विचित्र होतंय. मला आईचा चेहराच आठवेनासा झालाय. डोळे मिटले की तो भिंतीवरचाच फोटो येतो. तोच खांदा, तेच दात. मला माहितेय ती अशी नव्हती. पण कशी होती, ते येतच नाही."

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "माझ्याकडे आहे."

"काय?"

"तिचा फोटो. एकटीचा. चाळीतला. मी न विचारता काढला होता. तिने नको म्हटलं होतं, मी गेल्यावरसुद्धा दाखवू नको म्हणून. मी तुला चौथ्या दिवशी खोटं बोलले."

ती बघत राहिली.

"का नको म्हणाली?"

"ते पण सांगायचं नाही असं ठरलंय."

"तू वर्षभर बघतेयस तो?"

"हो."

"आणि मी त्या निळ्या ढगांना उदबत्ती लावतेय." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. ती उठून खिडकीशी गेली. खाली कुठेतरी पाडकामाचा आवाज चालला होता. तिथूनच म्हणाली, "तू दाखवलास तर मी बघेन. मग मला कायम वाटेल, तिने नको म्हटलेलं आपण बघितलं. नको दाखवूस."

"बरं."

"पण सांग मला. कशी बसलीय?"

आयुष्यभर मी उजेडाने सांगत आले. तोंडाने फोटो सांगायची वेळ पहिल्यांदा आली. म्हटलं, "गॅलरीत बसलीय. खांबाला टेकून. एक पाय दुमडलेला, एक सोडलेला."

"डावा सोडलेला. गुडघा दुखायचा तिचा."

"डावा. साडी जांभळी, बारीक फुलांची. फोटोत रंग नाही, पण मला आठवतेय. पदर खांद्यावरून घसरलाय, तिला पत्ता नाही."

"केस?"

"विंचरायचे राहिलेत. कानाजवळची बट सुटलीय. खालून ऊन आलंय चौकातलं, ते हनुवटीवर पडलंय, आणि गालावरचा तो तीळ आहे ना, त्याच्या खालपर्यंत."

तीळ म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले. दुकानदाराने तीळही पुसला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"हसतेय?"

"नाही. पण रागावलेली पण नाही. कोणी हाक मारणार नाही हे माहीत असल्यावर बाई जशी बसते तशी."

"हात?"

"एक मांडीवर आहे."

"दुसरा?"

"चेहऱ्याजवळ."

तिला कळलं की नाही, मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. चहावर साय धरली होती. डोळे मिटलेलेच ठेवून ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "परत सांग. पहिल्यापासून. जरा हळू सांग."

मी परत सांगायला लागले. या वेळी पायांपासून सुरुवात केली.